कोन तं कोरडाच असते

वऱ्हाडात मे महिन्यातला दिवस दोन तुकड्यांत येतो. पहिला सकाळी अकराला संपतो आणि दुसरा रात्री साडेनऊला सुरू होतो. मधल्या वेळात पारा ४५ च्या आसपास घुटमळत असतो आणि अख्खं गाव कूलरसमोर आडवं झालेलं असतं. २०२० च्या मे महिन्यात अकोल्यात हा पारा ४७ च्याही वर गेला होता. अकोलेकर ही गोष्ट सांगताना जरा ताठ बसतात. रात्रीची जेवणं आटोपली, की अमरावतीत राजकमल, पंचवटी, बडनेरा रोड आणि अकोल्यात टिळक रोड, नेहरू पार्क, गोरक्षण रोड या बाजूंना एकेका स्कूटरवर तीन-तीन माणसं आणि पुढे एक लेकरू अशी कुटुंबं निघतात. कुठे म्हणून विचारलं तर "हवा खायला" म्हणतात. हवा गरमच असते. मग नाइलाजाने आइस्क्रीम खातात.

अलीकडे या आइस्क्रीमच्या दुकानांबाहेर एक वास दरवळतो. साखर करपायच्या जरा अलीकडे थांबवली की येतो, तो. दुकानदाराने दाराशीच विजेवर तापणारा साचा मांडलेला असतो. त्यात तो डावभर पातळ पीठ ओततो, झाकण दाबतो, थोड्या वेळाने एक जाळीदार तांबूस चकती उचलतो आणि बोटं भाजत असतानाच ती लाकडी शंकूभोवती गुंडाळतो. हा वॉफल कोन. पूर्वी "कप की कोन?" एवढाच प्रश्न होता आणि कोन म्हणजे तो फिकट, थर्माकोलच्या नात्यातला वाटणारा वेफरचा कोन. त्याला स्वतःची चव नव्हती, त्यामुळे त्याच्याविषयी कोणाला मतही नव्हतं. वॉफल कोनला चव आहे, वास आहे आणि मुख्य म्हणजे वेगळे पैसे आहेत. ज्या वस्तूचे वेगळे पैसे पडतात, तिची कसून चौकशी केल्याशिवाय वऱ्हाडी माणूस खिशात हात घालत नाही.

बडनेरा रोडवरच्या एका दुकानात ऐकलेली ही चौकशी.

"काऊन भाऊ, शुगर-फ्री आइस्क्रीम हाये का?"

"हाये ना काकाजी. व्हॅनिला हाये, बदाम हाये."

"बदाम दे. अन् थो गरम-गरम कोन हाये ना, त्याच्यात दे."

"काकाजी, कोनात साखर राह्यते."

"आइस्क्रीम तं शुगर-फ्री हाये ना?"

"हाव."

"मंग झालं. कोन तं कोरडाच असते."

मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "खा बाप्पा. रिपोर्ट बी कोराच येईन."

काकाजींसारख्या वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर खोडून काढायची आपल्याकडे रीत नाही. पाठीमागे लिहायला मात्र कोणाची हरकत नसते, म्हणून लिहितो. कोन कोरडा असतो तो साखरेमुळेच. मैदा, साखर, तेल किंवा लोणी, थोडं मीठ आणि पाणी किंवा दूध, एवढाच त्याचा संसार. साच्यात पाणी उडून जातं आणि साखर वितळते. साखर वितळलेली असते तोवर चकती लवचीक असते, म्हणून ती गुंडाळता येते. थंड झाली की तीच साखर काचेच्या कडकपणाने गोठते आणि कोन कुरकुरीत होतो. साखर काढून टाकली तर चकती एकतर मऊ धिरडं राहील, नाहीतर गुंडाळताना मोडेल. तेव्हा कोनचा कोरडेपणा हा त्याच्या निर्दोषपणाचा दाखला नसून गुन्ह्याचा पुरावा आहे.

गुन्हा किती मोठा, तेही पाहू. मोठा वॉफल कोन साधारण ३० ग्रॅमचा भरतो. त्यात १२० च्या आसपास कॅलरी, २३ ग्रॅम कर्बोदकं, दोन-अडीच ग्रॅम प्रथिनं, दोनेक ग्रॅम चरबी. तंतू जेमतेम, एक ग्रॅमही नाही. कारखान्यात गुंडाळलेला लहान शुगर कोन १० ग्रॅमचा आणि ४० कॅलरींचा. आणि तो बिचारा थर्माकोलवाला चार ग्रॅमचा, १७ कॅलरींचा. त्याच्यावर खटला भरणंसुद्धा परवडायचं नाही. हे सगळं कोन साधा असला तर. आतून चॉकलेट फासून काठाला काजूचा चुरा चिकटवला, की आकडे कोनच्या काठावरून वाहू लागतात.

आता वरचा ऐवज. साध्या व्हॅनिला आइस्क्रीमच्या १०० ग्रॅमला दोनशेच्या आसपास कॅलरी. दोन गोळे घेतले तर अडीचशेच्या पुढे सहज गेलात, वर चॉकलेटची धार मारली तर पुढचं विचारू नका. म्हणजे कोनचा वाटा वरच्या मालाच्या निम्मासुद्धा नाही. पण आमच्याकडे डाएटवर असलेली मंडळी काय करतात? दोन्ही गोळे चाटूनपुसून संपवतात आणि कोन कचऱ्याच्या डब्यात टाकतात. टाकताना आजूबाजूला पाहतात, कोणी बघतंय ना म्हणून. "मी मैदा बंद केला," असंही त्याच वेळी सांगतात. मैदा बंद करण्याचा मुहूर्त नेमका आइस्क्रीम संपल्यावरच कसा लागतो, याचं उत्तर कुठल्याही पंचांगात सापडणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. पाच टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. दोन हजार कॅलरींच्या माणसाला याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. साधे दोन गोळे आणि वॉफल कोन मिळून २५ ची वेस रात्री दहाला ओलांडतात. पण खरी गंमत अशी, की काकाजींनी ती वेस दुपारीच ओलांडलेली असते. रसवंतीवर. उसाच्या रसाच्या मोठ्या पेल्यात तेवढी साखर आरामात असते, पण तो रस "थंड असते", शिवाय लिंबू-आलं घातलेलं असतं, शिवाय घुंगरू वाजत असतात. घुंगरांच्या तालावर पोटात गेलेली साखर मधुमेहाला मोजता येत नाही, अशी आमची श्रद्धा आहे.

माझं म्हणणं एवढंच, की वऱ्हाडात आहाराची चौकशी चुकीच्या टेबलावर चालते. लग्नातच पाहा. वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री, पुऱ्या, भजी, बुंदी, मठ्ठा असं सगळं यथासांग होतं. मग मंडपाच्या कोपऱ्यात लावलेल्या 'लाइव्ह वॉफल' काउंटरपाशी येऊन तोच माणूस विचारतो, "याच्यात मैदा तं नाही ना?" अमरावतीत गिल्या वड्याच्या गाडीवर असा प्रश्न मी ऐकलेला नाही. शेगावच्या कचोरीला तर तो कोणी विचारायचीही हिंमत करत नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगाव स्टेशनावर सुरू केलेली ही कचोरी अस्सल मैद्याची असते आणि तेलात पोहून आलेली असते. पण गजानन महाराजांच्या गावची म्हणून तिला जवळजवळ प्रसादाचा दर्जा. अकोल्याहून शेगावला गेलेला माणूस दर्शन घेऊन परत येताना घरच्यांसाठी पुडा आणतो, आणि संध्याकाळी त्याच घरात कोनमधल्या दोन ग्रॅम चरबीवर चर्चा होते.

एकादशीला तर ही चौकशी न्यायालयात जाते.

"वं माय, आज एकादशी हाये ना? कोन कसा काय खाता?"

"मी कुठी कोन खाऊन राह्यली? मी कप घेतला."

इथपर्यंत शास्त्र स्वच्छ आहे. आइस्क्रीम दुधाचं, दूध उपासाला चालतं. कोन गव्हाचा, गहू चालत नाही. म्हणून कप आणि लाकडी चमचा. पण हल्ली घरात एक शिकलेली सून असते आणि तिला डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय असते. ती वाचते: स्थिरकारक ४१२. मोबाइलवर शोधते. ४१२ म्हणजे गवारगम. आता गवार उपासाला चालत नाही, हे तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मग गवारीचा डिंक? आत्याबाई थोडा विचार करतात, चमचा तोंडातच ठेवून. "थो बियाचा राह्यते," त्या निकाल देतात, "शेंगीचा नाही." खटला निकाली. आणि तसं पाहिलं तर या न्यायालयाची पूर्वीपासूनच उदार परंपरा आहे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरचीही त्याच बाजूची. या चौघांना फराळाच्या ताटात बसवणारे लोक उद्या राजगिऱ्याच्या पिठाचा कोन निघाला तर त्याला हसत हसत जागा देतील. तोवर वॉफल कोन एकादशीला, चतुर्थीला आणि महाराजांच्या गुरुवारी बाद. यात वाटाघाट नाही.

आमच्या जैन शेजाऱ्यांची अडचण निराळी. त्यांना अंड्याची शंका येते आणि ती रास्त आहे. परदेशी कृतींत कोनच्या पिठात अंडं घालतात. आपल्याकडच्या बंद पाकिटातल्या कोनवर चौकोनातला हिरवा ठिपका असेल तर प्रश्न मिटला. पण डोळ्यांदेखत साच्यातून निघणाऱ्या कोनवर ठिपका कुठे असणार? तिथे विचारावंच लागतं, आणि विचारण्यात लाज नाही. तरी अंड्याचा प्रश्न सुटूनही त्यांच्यातली नियमाने वागणारी मंडळी कोन खाऊ शकत नाहीत, कारण ती सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि वऱ्हाडातलं आइस्क्रीमचं दुकान खऱ्या अर्थाने सूर्यास्तानंतरच उघडतं. भर मे महिन्यात दुपारी चारला, डोक्यावर दुपट्टा बांधून, एकट्याने कोन खाणारा माणूस दिसला तर त्याला वेड लागलं असं समजू नका. तो धर्म पाळतोय.

मग जिमवाला पोट्टा. तो कॅलरी विचारत नाही. तो विचारतो, "भाऊ, प्रोटीन किती राह्यते याच्यात?" दोन-अडीच ग्रॅम, म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. ज्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे आणि जिथल्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून जर्मनांना चकित केलं, त्या गावातला पोट्टा कोनमध्ये प्रथिनं शोधतो! त्याला एवढंच सांगावं, की १२० कॅलरी म्हणजे अर्ध्या तासाचं झपझप चालणं. छत्री तलावाकडे पायी जा, कोन फिटला. तो स्कूटर काढतो.

कॅलरी आता काही ठिकाणी पाटीवरच लिहिलेल्या असतात. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेनूवर हे आकडे द्यावे लागतात. अमरावतीतल्या एका शाखेच्या दुकानदाराला हा नियम लागू नाही. तो "काही होत नाही भाऊ" हा आकडा तोंडी देतो.

पाकीटबंद कोनच्या वेष्टनावर मात्र वाचण्यासारखं पुष्कळ असतं, आणि त्यातली एक ओळ वाचून माझ्यातला वऱ्हाडी जागा होतो. इमल्सिफायर ३२२. म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं. तेल आणि पाणी यांचं पिठात जुळवून देतं, आणि चकती साच्याला चिकटू देत नाही. सोयाबीन आमच्या अमरावती-अकोल्याच्या शेतातलं! २०२४-२५ च्या हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजार समितीत त्याहून किती कमी मिळाला, हे शेतकऱ्याला विचारा. त्याला कॅलरीइतकाच तोही आकडा पाठ आहे. तेच सोयाबीन तीन आकडी टोपणनाव घेऊन कोनमधून परत गावात येतं आणि त्याचा बाप रांगेत उभा राहून ते विकत घेतो. आणि खाद्यतेल? पुष्कळदा पामचं. सरकी आमची, सोयाबीन आमचं, आणि कोनमध्ये तेल मलेशियाचं. असो. हा लेख आहारावर आहे, मोर्चावर नाही.

कोन शोधला कोणी, याचंही भांडण आहे. अमेरिकेत इटालो मार्चियोनी या माणसाला १९०३ मध्ये खाण्याजोग्या कपांच्या साच्याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी इंग्रजांनी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून टाकला, आणि आमचं तेव्हापासूनचं गाऱ्हाणं अजून चालू आहे. पुढच्या वर्षी सेंट लुईसच्या जत्रेत शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या बशा संपल्या, तेव्हा अर्नेस्ट हाम्वी या सीरियन माणसाने आपल्या जलाबियाची पातळ चकती गुंडाळून त्याला दिली, अशी गोष्ट सांगतात. जलाबिया आपल्या जिलबीच्याच घराण्यातला. तेव्हा डाएटवाल्यांनी कोन घ्यायचा की नाही हे ठरवताना त्याचं कुळही बघावं.

कोनच्या आरोग्याच्या बाबतीत वऱ्हाडाला एक नैसर्गिक सवलत मात्र मिळालेली आहे आणि तिचं कौतुक कोणी करत नाही. कोनमधली साखर हवेतली ओल ओढून घेते, म्हणून मुंबईत कोन हातात येईपर्यंत हिरमुसतो. अकोल्याच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो शेवटच्या घासापर्यंत करकरीत राहतो. फक्त कूलरसमोर बसून खाऊ नये. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा पाच मिनिटांत त्याची हाडं मऊ करते. इटलीतल्या नेपल्समधल्या स्पिका या कंपनीने १९५९ मध्ये यावर उपाय काढला: कोनला आतून तेल, साखर आणि चॉकलेटचा लेप. टोकाशी जो चॉकलेटचा गोळा सापडतो आणि ज्याच्यावरून भावंडांत हाणामाऱ्या होतात, तो या लेपाचाच साठा.

गळतीचा प्रश्न मात्र आमच्या हवेत सुटत नाही. रात्री दहालाही ३५ अंश असतात. डॉक्टर सांगतात, सावकाश खा. गोळा सांगतो, उरक. वेगाची आम्हाला सवय आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात गेला. कोन खाण्यातला वेग मात्र कोणी नोंदवत नाही, आणि आहारशास्त्राच्या दृष्टीने तो वाईटच, कारण पोट भरल्याची बातमी डोक्यापर्यंत पोहोचण्याआधी माणूस दुसऱ्या कोनची ऑर्डर देऊन मोकळा झालेला असतो.

थट्टा पुरे, दोन गोष्टी गंभीरपणे. ज्यांना सिलिअॅक आजार आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने ज्यांच्या आतड्याला इजा होते, त्यांच्यासाठी वॉफल कोन आणि वेफर कोन दोन्ही वर्ज्य. त्यांनी कप घ्यावा, आणि कप घेतानाही नव्याने धुतलेला चमचा वापरायला सांगावं. कोनचा चुरा गोळा काढायच्या चमच्याबरोबर, त्याच्या पाण्याबरोबर डब्यात जातो. लाजेखातर गप्प बसणारी मंडळी आमच्याकडे फार. आणि मधुमेह असलेल्यांनी कोन घ्यायचाच तर तो जेवणात मोजावा, म्हणजे त्या दिवशी एक पोळी, भाकरी किंवा भात कमी. शुगर-फ्री गोळा कोनचं पाप धूत नाही. काकूंचं म्हणणं याबाबत प्रमाण मानावं.

बाकीच्या धडधाकट माणसांना आठवड्यातून एखादा वॉफल कोन काही करत नाही. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत त्याहून जास्त कॅलरी असतात. फरक एवढाच, की भाकरीत पाचेक ग्रॅम तंतू आणि तेवढीच प्रथिनं असतात, आणि भाकरी खाल्ली की माणूस उठतो. कोन खाल्ला की माणूस "अजून काय हाये?" विचारतो.

आता भाकरीचा विषय निघालाच आहे, तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या मंडळींना आणि दोन्ही शहरांतल्या आइस्क्रीमवाल्यांना एक विनंती. कोन कुरकुरीत होतो तो साखरेने आणि पातळपणाने. त्याला गव्हाच्या ग्लुटेनची फारशी गरज नसते. ज्वारी आपली, ग्लुटेन तिच्यात नाही, तंतू भरपूर. सोयाबीनने ती आमच्या शेतातून हुसकावली, निदान कोनमधून तरी परत आणा. साखर त्यातही लागेलच, तेव्हा ते औषध आहे असं सांगून विकू नका. येत्या उन्हाळ्यात ज्वारीचा एक कोन साच्यातून काढून पाहा. तुटला तर तुकडे काकाजी खातील, कोरडेच.